बरणीतला मासा आणि ऊर्जेचा हिशेब

राजापेठेतल्या नळाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते. त्याच धरणात रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढतात. पावसाळ्यातल्या विणीपूर्वी त्यांच्या अंगात किती ऊर्जा साठलेली असते आणि नंतर किती उरते, हे मोजता येते. माशांना अन्न पुरते की नाही, धरणात बीज किती सोडावे, हे ठरवायला अशा आकड्यांची मदत होते.

ही ऊर्जा मोजतात कशी? मांस वाळवून त्याची पूड करतात आणि ‘बॉम्ब कॅलरीमीटर’ नावाच्या पोलादी भांड्यात, दाबाखालच्या प्राणवायूत जाळतात. भोवतालचे पाणी किती तापले यावरून ऊर्जा कळते. अशा ज्वलनात एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे २३.६, तर चरबीतून सुमारे ३९.५ किलोज्यूल मिळतात.

पण मासा धरणावरून लगेच प्रयोगशाळेत पोहोचत नाही. तो अल्कोहोलमध्ये, फॉर्मॅलिनमध्ये किंवा बर्फात ठेवावा लागतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, शंभर ग्रॅम मांसात २० ग्रॅम प्रथिने, २ ग्रॅम चरबी, १ ग्रॅम क्षार आणि बाकी पाणी आहे. त्यात सुमारे ५५१ किलोज्यूल ऊर्जा भरते. म्हणजे ग्रॅमला साडेपाच. अल्कोहोलने त्यातले १० ग्रॅम पाणी आणि निम्मी चरबी ओढून घेतली, तर ८९ ग्रॅम मांसात सुमारे ५१२ किलोज्यूल उरतात. ऊर्जा घटली, पण ग्रॅममागचा आकडा पावणेसहाच्या घरात चढला! आपली सुकट ओल्या मासळीपेक्षा वजनामागे पौष्टिक दिसते, तसेच हे. वाळल्या वजनावर हिशेब केला, तर मात्र हाच आकडा २४ वरून २३.३ पर्यंत उतरतो.

फॉर्मॅलिन प्रथिनांना घट्ट बांधते. तरी विरघळणारे काही घटक द्रवात उतरतात आणि वजन बदलते. गोठवणे बरे, पण बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात, वितळताना रस गळतो आणि हवा लागली तर चरबी खवट होते.

म्हणून विणीआधीचा मासा बर्फातला आणि नंतरचा बरणीतला, अशी तुलना करू नये. सगळे नमुने एकाच रीतीने, सारखेच दिवस ठेवावेत. काही ताजेच मोजून फरक काढावा आणि ठेवण्याची रीत अहवालात लिहावी. नाहीतर बरणीने खाल्लेली चरबी आपण धरणातल्या उपासमारीच्या नावावर मांडू, आणि बीज सोडण्याचा निर्णयही चुकेल.