टोरंट डाउनलोड रांगतंय? नेटवाल्याला फोन लावण्याआधी हे बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकून दाखवलं. पण ती फाइल डाउनलोड करताना माझी जी फजिती झाली, ती व्हिडिओत सांगायला वेळ पुरला नाही. म्हणून इथे निवांत लिहितोय. तुमच्या घरी टोरंटचा स्पीड मिळत नसेल तर हे शेवटपर्यंत वाचा. बऱ्याच वेळा दोष नेटचा नसतो.

त्या रविवारी काय झालं

सोमवारी सकाळी ११ वाजता माझ्याकडे बचत गटातल्या १२ महिलांची बॅच सुरू होणार होती. विषय होता हिशोब आणि बिलिंग. फी आधीच घेतलेली. माझ्याकडे आठ कॉम्प्युटर, सगळे जुने. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. नवीन आठ कॉम्प्युटर घेणं धंद्याच्या गणितात बसेना. मग ठरवलं, लिनक्स मिंट टाकायचं. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि सोबत लिब्रेऑफिस येतंच.

रविवारी संध्याकाळी सात वाजता घरच्या कॉम्प्युटरवर टोरंट लावलं. फाइल साधारण तीन जीबीची. स्पीड दिसला ६० केबी. बाकी वेळ दिसला जवळपास १४ तास! म्हणजे फाइल सकाळी नऊला येणार, आणि पुढे आठ मशीनवर ती टाकायची. शक्यच नव्हतं.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. नेटवाल्याला फोन लावला आणि आवाज चढवला. बिचारा पोरगा रविवारी रात्री गाडीवर आला, राउटरला स्वतःचा लॅपटॉप केबलने जोडला आणि स्पीड टेस्ट दाखवली. "दादा, प्लॅन ४० चा आहे, मिळतंय ३८. अजून काय पाहिजे?" मी गप्प. तो गेला आणि मी वही घेऊन बसलो. पाऊण तास फुकट गेला होता.

आधी आकडा नीट वाचा

नेटचा प्लॅन 'मेगाबिट' मध्ये असतो, डाउनलोडचा आकडा 'मेगाबाइट' मध्ये दिसतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून प्लॅनच्या आकड्याला ८ ने भागा. ४० चा प्लॅन म्हणजे जास्तीत जास्त ५ एमबी प्रति सेकंद. तुम्हाला ४ किंवा साडेचार मिळत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. किलो आणि ग्रॅम यात गल्लत केली तर तराजूला दोष देऊन काय उपयोग?

माझं मात्र खरंच बिघडलं होतं. ५ एमबी यायला हवं तिथे ६० केबी.

टोरंट चालतं कसं, हे दोन मिनिटांत

साध्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर तुम्हाला फाइल देतो. टोरंटमध्ये फाइलचे छोटे तुकडे करतात आणि ज्यांच्याकडे ते तुकडे आहेत ते लोक एकमेकांना देतात. ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणली. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे तो 'सीड'. ज्याच्याकडे अर्धीमुर्धी आहे तो 'पीअर'. तुम्ही घेता घेता देतही असता. म्हणजे ही भिशीच आहे. देणारे भरपूर असतील तर गाडी पळते. देणारे तिघेच असतील तर तुमचा रस्ता कितीही रुंद असो, माल तेवढाच येणार.

हे कळलं की तपासायच्या जागा तीनच उरतात: देणारे, रस्ता, आणि तुमचं मशीन.

तपास १ : देणारे किती आहेत?

मी क्यूबिटटोरंट वापरतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात 'सीड्स' नावाचा रकाना बघा. तिथे दोन आकडे दिसतात. कंसाबाहेरचा म्हणजे आत्ता जोडलेले, कंसातला म्हणजे एकूण सापडलेले. शेजारी 'अव्हेलेबिलिटी' हा रकानाही चालू करून घ्या. तो एकच्या खाली असेल, उदाहरणार्थ ०.८७, तर पूर्ण फाइल आत्ता कोणाकडेच नाही. रात्रभर मशीन चालू ठेवलंत तरी ती पूर्ण होणार नाही, पूर्ण फाइलवाला कोणी परत येईपर्यंत.

सीड कमी असतील तर सेटिंग बदलून काही होत नाही. फाइल पुरवणाऱ्या संस्थेच्या मूळ वेबसाइटवरून ताजी टोरंट फाइल घ्या. नाहीतर तिथेच साधी डाउनलोड लिंक असते, ती वापरा. टोरंटचा हट्ट धरू नका.

तपास २ : रस्ता

पहिलं काम, केबल लावा. वाय-फायवर केलेली टेस्ट ही नेटची टेस्ट नाही, ती तुमच्या भिंतींची टेस्ट आहे. माझा राउटर खाली दुकानात आणि कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, मध्ये स्लॅब. वाय-फायवर टेस्ट केली तर ३८ चे ६ राहिले होते. केबल लावणं जमत नसेल तर राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, पण शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी त्यावरच असते.

दुसरं काम, अपलोड बघा. हे लोक विसरतात. तुमच्याकडे मालाची गाडी आली की तुम्ही पोचपावती सही करून परत पाठवता ना? नेटवरही तसंच आहे. आलेल्या डेटाची पोच परत जावी लागते. बाहेर जाणारा रस्ता अपलोडने भरून गेला तर पोच अडकते आणि समोरचा पुढचा माल पाठवायला थांबतो. म्हणून अपलोड मोकळं सोडू नका. स्पीड टेस्टमध्ये जे अपलोड दिसेल त्याच्या साधारण ७५ ते ८० टक्क्यांवर मर्यादा घाला. समजा अपलोड १० मेगाबिट आहे. भागिले ८ म्हणजे १२५० केबी. मग मर्यादा ९०० ते १००० केबी ठेवा. पण एकदम ५-१० केबीही ठेवू नका. भिशीत हप्ता न देणाऱ्याला कोण विचारतं? पीअर लोकही जो देतो त्यालाच आधी देतात.

अपलोड फक्त टोरंटच खातं असं नाही. फोटोंचा क्लाउड बॅकअप, सीसीटीव्ही, विंडोजचं अपडेट वाटप, सगळे त्याच दारातून बाहेर पडतात. टास्क मॅनेजर उघडा आणि 'नेटवर्क' रकान्यावर क्लिक करा. कोण खातंय ते वर येतं.

तिसरं काम, पोर्ट. क्यूबिटटोरंटच्या खालच्या पट्टीवर कनेक्शनचं छोटं चिन्ह असतं. त्यावर माउस नेला की स्थिती कळते. 'थेट कनेक्शन नाही' अशा अर्थाचं काही दिसलं तर बाहेरचे लोक तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, फक्त तुम्हीच त्यांच्याकडे जाऊ शकता. टूल्स, ऑप्शन्स, कनेक्शन इथे यूपीएनपीचा पर्याय चालू आहे का बघा, राउटरमध्येही तो चालू हवा. विंडोज फायरवॉलने परवानगी मागितली होती तेव्हा घाईत 'कॅन्सल' दाबलं असेल तर तेही दुरुस्त करा.

इतकं करूनही जमेना तर राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता बघा. तो १०. ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमच्या नेटवाल्याने एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग पोर्ट उघडायचा नाद सोडा. सीड भरपूर असतील तर तरीही स्पीड चांगला मिळतो.

तपास ३ : तुमचं मशीन

खालच्या पट्टीवर एक छोटं मीटर असतं. त्यावर चुकून क्लिक झालं की पर्यायी, कमी स्पीडची मर्यादा लागू होते. माझ्या एका विद्यार्थ्याने यात दोन दिवस घालवले होते! तिथे मर्यादा लागलेली नाही ना, बघा.

टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' १०० टक्के दिसत असेल तर जुनी हार्ड डिस्क दमलेली आहे. एका वेळी एकच फाइल लावा, बाकीच्या थांबवा. आणि एकूण कनेक्शनची संख्या हजारावर नेऊ नका. 'जास्त कनेक्शन म्हणजे जास्त स्पीड' हा गैरसमज आहे. स्वस्तातला राउटर तेवढ्याने गुदमरतो आणि सगळ्या घराचं नेट बंद पडतं. २०० च्या आसपास भरपूर झालं.

माझ्या वहीत काय निघालं

एका वेळी एकच बदल करायचा, पाच मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. धंद्यातही मी हेच शिकवतो. भाव, जागा आणि माल एकदम बदलला तर विक्री कशाने वाढली ते कळत नाही.

जिन्यावरून लांब केबल सोडली: ६० चे ८५ केबी. मालाच्या फोटोंचा बॅकअप वर चढत होता, तो थांबवला आणि अपलोडला मर्यादा घातली: १४० केबी. फरक पडला, पण बॅच वाचेल इतका नाही. मग सीडचा रकाना बघितला. तीन! टोरंट फाइलचं नाव नीट वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेन ड्राइव्हवर पडलेली दोन वर्षांपूर्वीची टोरंट फाइल मी उचलून लावली होती. लोक केव्हाच नवीन आवृत्तीकडे गेले होते. मी जुन्या मालासाठी रिकाम्या बाजारात उभा होतो.

लिनक्स मिंटच्या वेबसाइटवरून ताजी टोरंट फाइल घेतली. सीड शेकड्यांत. स्पीड ३.८ एमबी. चहा प्यायला खाली गेलो आणि परत आलो तोवर काम झालं होतं.

म्हणून या लेखात सीडचा तपास पहिला ठेवलाय. मी तो शेवटी केला होता.

रात्री एकपर्यंत पाच मशीन तयार झाली, सकाळी अजून दोन. आठव्याच्या हार्ड डिस्कने मान टाकली. १२ महिला, सात कॉम्प्युटर, पाच जोड्या आणि दोघी एकेकट्या. बॅच ११ वाजता सुरू झाली. जोडीने बसल्यामुळे एकमेकींना विचारून उलट लवकर शिकल्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो

टोरंट ही पद्धत कायदेशीर आहे, पण त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट नाही. तुम्ही घेता तेव्हा वाटताही, हे वर सांगितलं. नवीन सिनेमा किंवा क्रॅक केलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर असं घेतलं तर तुम्ही वाटणारेही ठरता आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येतो. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस आला तर ग्राहकांची उधारीची वही गेली समजा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तर हे अजिबात नको.

त्या नेटवाल्या पोराला सोमवारी दुपारी मी स्वतः फोन केला. चूक माझी होती, हे सांगितलं आणि चहाला बोलावलं. तो हसला आणि म्हणाला, "दादा, दहातले आठ जण असंच बोलवतात. परत फोन करणारे तुम्ही पहिले."

पुढच्या वेळी स्पीड रांगायला लागला तर आधी वही काढा. फोन नंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!