वजन बेताचे, घेर मोठा

पाळी सुरू असेपर्यंत बाईला हृदयविकार होत नाही, हा समज निम्माच खरा आहे. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचिक ठेवते आणि चांगले कोलेस्टेरॉल टिकवून धरते. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण 9 वर्षे उशिरा येतो, असे 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (2004) आढळले. मधुमेह जडला की ही सवलत बरीचशी संपते. मधुमेहाने हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक पटीने वाढतो.

तो धोका वजनकाट्यावर दिसेलच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. इथली बाळे स्नायूंत फार कमी पडत होती, त्वचेखालच्या चरबीत मात्र तितकी नाही. सडपातळ देहात लपलेला हा चरबीचा कल मोठेपणी पोटाभोवती दिसू शकतो.

म्हणून वजनापेक्षा फीत बोलकी. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड 150 किंवा अधिक, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल 50 पेक्षा कमी, उपाशीपोटी साखर 100 किंवा अधिक, रक्तदाब 130/85 किंवा अधिक: या पाचांपैकी तीन जुळले की चयापचय बिघडले असे धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी सोयीची खरी, पण लोह कमी असेल तर ती आकडा फुगवून दाखवू शकते. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे (2019-21चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण). तेव्हा हिमोग्लोबिन न पाहता एचबीएवनसीच्या आकड्यावर विसंबणे घाईचे.

रांजणगाव एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या कारेगावसारख्या गावात शेतातली मेहनत सुटते आणि जेवण-झोप कारखान्याच्या शिफ्टवर ठरते. घेर वाढायला एवढे पुरते. सरकारी तपासणीत आशाताई फीत लावतात, पण तिशीनंतर. त्याआधीची खूण बाळंतपणाच्या कागदांत असते. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे सातपट असते. त्या काळात चढलेला रक्तदाबही तितकाच दखल घेण्याजोगा. साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा तपासणी करायची असते. बाळाच्या सहाव्या आठवड्यातल्या लसीही त्याच सुमारास असतात, त्यामुळे दोन्ही कामे एका फेरीत होऊ शकतात.