माळवद, कौले आणि जमिनीचा हादरा

वर्धेकर भूकंपाला फारसे मनावर घेत नाहीत, आणि हा टापू तसा कमी धोक्याचाच. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप होईपर्यंत किल्लारीचा टापूही कमी धोक्याचाच मानला जात होता. तो भूकंप सहाहून थोड्या अधिक तीव्रतेचा, जगाच्या हिशेबात मध्यमच. तरी सुमारे १० हजार माणसे गेली, ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीत आरपार दगड नसले की हादऱ्याने तिचे आतले-बाहेरचे थर सुटतात आणि छप्पर खाली येते. शिवाय घर जितके जड, तितका हादऱ्याचा जोर त्याच्यावर अधिक. सेवाग्रामची बापू कुटी पाहा: माती, बांबू, लाकूड, वर कौले. भूकंपासाठी ती बांधली नव्हती, पण हलक्या छपराचा गुण तिच्यात आहेच.

हादरा बसेल तेव्हा सिमेंटच्या पक्क्या घरात असाल तर जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नकोच. मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरा. टेबल नसेल तर काचेपासून दूर, डोके हातांनी झाकून बसा. जुन्या दगडमातीच्या घरात दार दोन पावलांवर असेल, तर मात्र मोकळ्या अंगणात निघावे. आणि आजच एक काम करा: पलंगावरच्या फळीवरील पितळी भांडी खाली उतरवा, गोदरेजचे कपाट भिंतीला ठोकून घ्या. हादरा थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद करा. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका.