फिश टँकसाठी आरओ: मशीन विकण्याआधी पाणी मोजा



फिश टँक मेंटेनन्सचा जोडधंदा करणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो. "सर, कस्टमर म्हणतोय टँकला आरओ लावून द्या. लावू का?" काम चांगलं आहे. मशीन एकदाच विकलं जातं, पण फिल्टर बदलायला तुम्हालाच बोलावतात. मात्र या धंद्यात चूक झाली तर माल बदलून देता येत नाही. चार दिवसांत मासे मेले की तो कस्टमर गेला, आणि त्याच्या सोसायटीतले बाकीचेही गेले.

म्हणून मशीनचा रेट सांगण्याआधी खिशातून टीडीएस मीटर काढायचा. हा पेनासारखा मीटर काही शंभर रुपयांत मिळतो. नळाचं, बोअरचं आणि टँकचं, तिन्ही पाणी कस्टमरसमोर मोजा आणि आकडे लिहून घ्या. दुसरा प्रश्न, मासे कोणते?

मुंबईत भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं पाणी येतं. ते मुळातच मऊ असतं. तिथे गोड्या पाण्याच्या साध्या टँकला अँटी-क्लोरीन टाकलं की बहुतेक माशांचं भागतं, आरओची गरज नाही. बोअरची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पण तिथेसुद्धा घाई नको. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणीच मानवतं. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना तर तेच लागतं. अशा कस्टमरला आरओ विकणं म्हणजे त्याचे पैसे घेऊन त्याच्या माशांना त्रास देणं. सरळ सांगा, "तुम्हाला गरज नाही." आजचं बिल बुडेल, पण हाच माणूस पुढचे चार कस्टमर पाठवतो.

खरी गरज आहे डिस्कस, निऑन टेट्रा, क्रिस्टल रेड श्रिंप पाळणाऱ्यांना, आणि समुद्री टँकवाल्यांना. समुद्री टँकला आरओनंतर डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो, मग त्यात समुद्री मीठ. ते काम वेगळं आहे, सुरुवातीला त्यात पडू नका.

"घरात आरओ आहे ना, त्याचंच पाणी टाकू"

हे वाक्य तुम्हाला दर तिसऱ्या घरात ऐकू येईल. किचनच्या मशीनमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे पाण्यात क्षार परत मिसळलेले असतात. किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. हल्ली कॉपरवाले मॉडेलही घरोघरी दिसतात. माणसाला चालणारं तांबं श्रिंप आणि गोगलगायींसाठी विष आहे. म्हणून आधी मशीनवर काय लिहिलंय ते वाचा.

टँकसाठीची जोडणी साधी आहे. आधी गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर, मग कार्बन, मग मेम्ब्रेन. कार्बनला फाटा देऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतं. वेस्ट पाण्याच्या नळीवर फ्लो रिस्ट्रिक्टर हवाच, नाहीतर आत दाबच तयार होत नाही. आणि दाबाचं गणित समजून घ्या. मेम्ब्रेनची क्षमता साधारण ५० ते ६० पीएसआयला धरलेली असते. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० फूट वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ४ पीएसआय! म्हणजे बूस्टर पंप लागणारच. तो कोटेशनमध्ये पहिल्या दिवशीच लिहा.

साइज किती? ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे साडेचार घनफूट, सुमारे १२७ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ११० धरा. आठवड्याला पाव पाणी बदललं तर लागतं २८-३० लिटर. ७५ जीपीडीचं मेम्ब्रेन दिवसाला कागदावर २८४ लिटर देतं, म्हणजे तीन तासांचं काम. यापेक्षा मोठं मशीन गळ्यात मारू नका.

निव्वळ आरओ पाणी टँकमध्ये ओतायचं नाही

मासे मरतात ते इथे. आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतो, आणि पीएच सावरून धरणारा तोच असतो. टँकमधल्या बॅक्टेरियाच्या कामातून आम्ल तयार होत राहतं, केएच संपला की पीएच धाडकन खाली येतो. म्हणून मिश्रण करायचं.

समजा बोअर ८००, आरओ ४० आणि हवं आहे २०० च्या आसपास. ३० लिटरमध्ये ६ लिटर बोअर आणि २४ लिटर आरओ घ्या. ६ गुणिले ८०० म्हणजे ४,८००, २४ गुणिले ४० म्हणजे ९६०. बेरीज ५,७६०, भागिले ३०, उत्तर १९२. झालं काम. फक्त टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. त्यासाठी जीएच-केएचचं थेंबांचं किट ठेवा. श्रिंपवाल्यांना मात्र बोअर मिसळू नका, त्यांच्यासाठी वेगळे मिनरल सॉल्ट मिळतात. आणि टँकमधले मासे आज ८०० मध्ये राहत असतील तर उद्या २०० मध्ये नको. दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलत हळूहळू खाली या.

आता वेस्ट पाणी. एका लिटरमागे तीन लिटर धरलं तर २४ लिटरमागे ७२ लिटर बाहेर जातं. जिथे उन्हाळ्यात टँकर विकत घेतात तिथे हे कस्टमरला आधीच सांगा, आणि ते पाणी फरशी, संडास, गाडी धुण्यासाठी साठवायला पिंप लावून द्या. छोट्या टँकवाल्याला तर मी म्हणेन, गल्लीतल्या प्लांटचे २० लिटरचे दोन जार आठवड्याला घ्या, टीडीएस मोजा, मशीन नको. यातच एक धंदा दडलाय बरं का: एक मशीन तुमच्याकडे, आणि मोजून, मिसळून तयार केलेलं टँकचं पाणी घरपोच.

मशीन लावलंच, तर साठवणीच्या ड्रमला फ्लोट आणि मशीनला ऑटो-कट लावल्याशिवाय घर सोडू नका. रात्री चालू राहिलेलं मशीन खालच्या फ्लॅटचं सिलिंग भिजवतं. कार्बन बसवल्यावर काळं पाणी जाईपर्यंत ते मेम्ब्रेनकडे सोडू नका, आणि नव्या मेम्ब्रेनचं पहिल्या तासाभराचं पाणी फेकून द्या.

मशीनवर एक कार्ड चिकटवा: तारीख, आत जाणारा टीडीएस, बाहेर येणारा टीडीएस. ८०० चे ४० होतात म्हणजे ९५ टक्के क्षार अडले. तेच ४० चे १२० झाले की ८५ टक्के, मेम्ब्रेन बदलायची वेळ आली. स्पन साधारण तीन ते सहा महिन्यांनी, कार्बन सहा महिने ते वर्षाने, गढूळ पाणी असेल तर आधीच. कस्टमरला आकडा स्वतः दिसला की नवं मेम्ब्रेन का लागतं हे पटवत बसावं लागत नाही. बिलात पार्ट आणि व्हिजिट चार्ज वेगवेगळे लिहा. वार्षिक करार करताना मेम्ब्रेन त्यात धरू नका, ते किती टिकेल हे त्याच्या पाण्यावर ठरतं.