हाणणे, झोडणे, ओरपणे: खाण्याच्या शब्दांविषयीचे गैरसमज

मोहोपाड्याच्या बाजारात दिवसभरात किती प्रकारची मराठी कानावर पडते, हे रसायनीकरांना वेगळे सांगायला नको. पाताळगंगेकाठचे आगरी, भातशेती करणारे कुणबी, डोंगरउतारावरच्या वाड्यांतले ठाकर आणि कातकरी, शिवाय कारखान्यांच्या निमित्ताने घाटावरून, खानदेशातून, विदर्भातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे, सगळे इथे एकमेकांशी बोलतात. या सगळ्यांच्या बोलण्यात खाण्याविषयीचे शब्द भरपूर आहेत आणि सर्वांत जास्त नाके मुरडली जातात ती याच शब्दांवर. 'जेवलो' म्हटले की सभ्य, 'हाणले' म्हटले की रांगडा आणि 'जेवन' म्हटले की अशिक्षित, अशी एक उतरंड आपण मनात लावून ठेवलेली असते. ही उतरंड भाषेच्या अभ्यासातून आलेली नाही. तिच्यामागचे गैरसमज एकेक करून तपासले, तर या शब्दांना व्याकरण आहे, प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि त्यांना इतिहासही आहे, हे दिसते.

गैरसमज: 'हाणणे', 'झोडणे' हे तोंडाला येईल तसे वापरलेले शब्द आहेत, त्यांना नियम नाहीत.

वस्तुस्थिती: नियम इतके पक्के आहेत की शाळेची पायरी न चढलेला माणूसही ते मोडत नाही. मराठीत भरपूर खाण्यासाठीचे बरेच शब्द मारहाणीतून आणि लढाईतून आले आहेत: लाडू हाणणे, मेजवानी झोडणे, पुरणपोळीवर ताव मारणे, आडवा हात मारणे, फडशा पाडणे, समाचार घेणे. आता 'त्याने चोराला झोडले' आणि 'त्याने लाडू झोडले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. मार देताना कर्माला 'ला' लागतो आणि क्रियापद 'झोडले' असे नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. खाताना 'ला' गळतो आणि क्रियापद लाडवांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून 'त्याने पोळ्या झोडल्या', पण 'त्याने पोरांना झोडले'. 'लाडवाला झोडले' असे म्हणून लाडू खाल्ल्याचे कोणीही सांगत नाही. कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात तर या क्रियापदाचे तिसरे कामही आहे. कापणीनंतर भाताच्या पेंढ्या आपटून दाणे वेगळे करणे म्हणजे भात झोडणे. बोलणारा खळ्यावर उभा आहे की ताटावर बसला आहे, यावरून ऐकणाऱ्याला अर्थ बिनचूक कळतो. उलट, सभ्य मानल्या गेलेल्या 'जेवणे' या क्रियापदाचेच वागणे चारचौघांपेक्षा वेगळे आहे. प्रमाण मराठीत आपण 'मी भात खाल्ला' म्हणतो, पण 'मी भात जेवलो'. कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. 'पिणे' आणि 'शिकणे' यांचीही तीच गत. तेव्हा नियमाला धरून चालणे हीच सभ्यतेची कसोटी असेल, तर 'झोडणे' त्या कसोटीला सहज उतरते.

गैरसमज: हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत, 'खाणे'च्या जागी आलेले भडक पर्याय.

वस्तुस्थिती: पदार्थ कोणता, तो तोंडात कसा जातो आणि बोलणाऱ्याला त्याबद्दल काय वाटते, यानुसार शब्द ठरतो. ताकभात हाताने ओरपतात. गरम आमटी आवाज करत भुरकतात. आंबा आणि शेवग्याची शेंग चोखतात. आवळा गालात धरून चघळतात. फुटाण्यांचा बकाणा भरतात. पेज पितात. पातेल्यातला शेवटचा लाडू कोणाचे लक्ष नसताना मटकावतात. ही अदलाबदल करून पाहिली की शब्दांचे काम लगेच कळते: फुटाणे भुरकता येत नाहीत आणि आमटी चघळता येत नाही. दुसरा धागा वृत्तीचा. सकाळपासून अधूनमधून काहीतरी तोंडात टाकणाऱ्याला घरचे 'चरतोय' म्हणतात, तेव्हा त्यात कौतुकाबरोबर टोमणाही असतो. 'गिळ आता' यात उघड राग असतो. 'चापून जेवला' यात यजमानाचे समाधान असते. क्रियाविशेषणेही अशीच वाटून दिलेली आहेत. भुकेलेला बकाबका खातो, घाईत असलेला गपागप, आवडीने खाणारा मिटक्या मारत. एवढा तपशील एका 'खाणे' या शब्दात मावत नाही. मोठ्या भाषांतही तो एका शब्दात मावत नाही. स्पॅनिशमध्ये 'कोमेर' हे एकच क्रियापद खाणे आणि जेवणे या दोन्हींसाठी चालते, आणि मग बोलभाषा आपली सोय पाहते. ब्युनोस आयर्समध्ये 'मोर्फार' म्हणतात, स्पेनमध्ये 'हामार'. पोटभर चैनीचे खाणे झाले की स्पेनमधला माणूस 'बूट चढवले' अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतो. आपण आडवा हात मारतो, ते बूट चढवतात. गरज दोन्हीकडे तीच आहे.

गैरसमज: आगरीतले 'जेवन', 'पानी', 'डोला' हे मूळ शुद्ध शब्दांचे बिघडलेले उच्चार आहेत.

वस्तुस्थिती: बिघाड अधूनमधून होतो, इथला बदल मात्र सरसकट आहे. प्रमाण मराठीतल्या 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येणे, हे आगरी उच्चाराचे ठळक आणि नियमित लक्षण आहे. नियमित ध्वनिबदल हे चुकीचे लक्षण नसते, ती स्वतंत्र व्यवस्थेची खूण असते. संस्कृतशी जवळीक हीच शुद्धता मानायची, तर अडचण 'पाणी' म्हणणाऱ्यांची होईल. मूळ संस्कृत शब्द 'पानीय' आहे, त्यात 'न' आहे, आणि प्रमाण मराठीने त्याचा 'ण' केला. याचा अर्थ आगरी रूप जास्त जुने किंवा जास्त पवित्र आहे, असा मुळीच नाही. बदल दोघींनीही केले. एकीचे बदल पाठ्यपुस्तकात छापले गेले, दुसरीचे नाहीत. फरक एवढाच आहे.

गैरसमज: हे टपरीवरचे ताजे शब्द आहेत, विद्वानांनी त्यांची कधी दखल घेतली नाही.

वस्तुस्थिती: दखल शंभर वर्षांहून जुनी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात आगरी, ठाकरी, कातकरी या बोलींचे नमुने आहेत. बहुतेक बोलींसाठी नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट निवडलेली होती. त्या गोष्टीत डुकरांपुढची टरफले खाण्याची वेळ आलेला उपाशी मुलगा आहे आणि शेवटी बापाने घातलेली मेजवानीही आहे. त्यामुळे बोलीबोलीतले खाण्याविषयीचे शब्द आपोआप नोंदले गेले. पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड 1932पासून निघू लागले. त्यात शब्द कोकणातला, वऱ्हाडातला की खानदेशातला, हे संक्षेपाने दाखवलेले असते. कोशकारांनी प्रदेश सांगितला, पण त्या शब्दांना कोशाबाहेर काढले नाही. बाहेरच्या जगातही हेच दिसते. ब्युनोस आयर्सच्या बंदरभागात स्थलांतरितांच्या सरमिसळीतून वाढलेल्या 'लुनफार्दो' या बोलीच्या अभ्यासासाठी त्या शहरात 1962 साली स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. अमेरिका खंडातल्या स्पॅनिशचे खास शब्द सांगणारा मोठा कोश स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी मिळून 2010 साली काढला. वर आलेला 'हामार' स्पेनमधल्या रोमा लोकांच्या बोलीतून आला, असे मानले जाते. रोमांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे, तेव्हा त्या शब्दाचे नाते आपल्या 'खा' या धातूशी जाऊन भिडते. ज्याला गल्लीतला शब्द म्हणून हिणवावे, त्याची वंशावळ अशी लांबची निघू शकते.

गैरसमज: कारखाने आले आणि इथली बोली संपली.

वस्तुस्थिती: रसायनी हे नावच कारखान्यांनी दिलेले आहे. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून 1915पासून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगेला बारमाही प्रवाह मिळाला, आणि पाण्याच्या आधाराने पुढे उद्योग आले. 1960 साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प इथेच उभा राहिला. त्याबरोबर बाहेरची माणसे आली आणि शब्दही आले. शिदोरी सोडणाऱ्यांच्या शेजारी डबा खाणारे आले, न्याहारीच्या शेजारी नाष्टा आला, कॅन्टीन आणि शिफ्ट आली. पण 'डबा खाणे' हा वाक्प्रचार पाहा. पत्र्याचा डबा कोणी चावत नाही, आतल्या अन्नासाठी भांड्याचे नाव आले आहे, आणि परक्या वस्तूला मराठीने आपल्या वळणावर आणले आहे. बोली मिसळणीने मरत नाही. आईवडील ती मुलांशी बोलायचे थांबले की ती मरते. हा धोका कातकरीसारख्या लहान समाजाच्या बोलीला खरा आहे आणि त्याचे एक मोठे कारण लाज आहे. शेवळं, टाकळा, भारंगी, करटोली या पावसाळी रानभाज्या आता शहरातल्या महोत्सवांत कौतुकाने मांडल्या जातात. त्या भाज्या ओळखणाऱ्या, निवडणाऱ्या आणि रांधणाऱ्या माणसांचे शब्द मात्र वर्गात चूक ठरतात.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की सगळेच बरोबर मानले, तर मुलांनी परीक्षेत काय लिहायचे? उत्तर सोपे आहे: प्रमाण मराठी. राज्यभर चालणारे लेखी रूप लागतेच आणि ते प्रत्येक मुलाला नीट आले पाहिजे. पण प्रमाण भाषा शिकवण्यासाठी घरची भाषा गावंढळ ठरवावी लागत नाही. 'आपण घरी जेवन म्हणतो, लिहिताना जेवण लिहितो' एवढे एक वाक्य शिक्षकाला पुरते. दुसरा आक्षेप सभ्यतेचा. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला 'या, हाणा' म्हणायचे का? अर्थातच नाही, तिथे 'बसा जेवायला' किंवा 'चार घास खाऊन जा' हेच शोभते. पण मित्रांच्या पंगतीत 'आपण भोजन ग्रहण करू या' म्हणणाराही तितकाच विचित्र ठरतो. सभ्यता प्रसंग ओळखण्यात आहे, शब्दाच्या कुळात नाही, आणि बोली बोलणाऱ्यांना ती ओळख पुरेपूर असते.

म्हणून रसायनी-कर्जत परिसरातल्या शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलाने घरचा शब्द वापरला, तर तो खोडण्याआधी त्याचा अर्थ विचारा, तो कोणत्या पदार्थासाठी आणि कोणत्या प्रसंगी वापरतात ते विचारा, आणि वाक्यासकट वहीत उतरवून घ्या. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर ही नोंद सहज होईल. नंतर हे शब्द सांगणारेच उरणार नाहीत.