तीन पत्त्यांचा हिशेब

दिवाळीत आपल्या माळव्यात बऱ्याच घरी तीन पत्ती मांडली जाते. शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही विश्वस्तांना वाटेल. पण संभाव्यता शिकताना अकरावीच्या मुलांनी मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांबद्दल सरळच विचारले, तेव्हा टाळण्यापेक्षा हिशेब मांडणे मला बरे वाटले.

उदाहरणाला ‘थ्री कार्ड पोकर’ घेऊ. रुलेटच्या मानाने कॅसिनोतला हा नवाच खेळ. डेरेक वेब या ब्रिटिश गृहस्थांनी तो १९९४ मध्ये तयार केला. इंग्लंडचा जुना ‘ब्रॅग’ आणि आपली तीन पत्ती हे त्याचे भाऊबंद. फरक हा की येथे समोर मित्रमंडळी नसून कॅसिनोचा डीलर असतो.

आधी १०० रुपये लावायचे. मग आपली पाने पाहून एकतर ती टाकायची व १०० सोडायचे, नाहीतर आणखी १०० लावायचे. डीलरकडे किमान राणी नसेल, तर दुसरे १०० परत मिळतात आणि पहिल्यावर १०० नफा होतो. असेल, तर ज्याची पाने मोठी तो २०० जिंकतो.

५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. त्यांपैकी ६,७२० प्रकारांत डीलर राणीपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे ३०.४ टक्के. आता समजा तुमच्याकडे गुलामाच्या आतली रद्दी पाने आहेत. खेळलात तर १०० डावांत साधारण ३० वेळा १०० मिळतील आणि ७० वेळा २०० जातील. तोटा ११,००० च्या आसपास. पाने टाकलीत तर तोटा १०,०००. म्हणून टाकणेच बरे. राणी हाती आली की डीलरच्या हलक्या राणीला हरवण्याची थोडी आशा निर्माण होते, आणि बारीक हिशेब केल्यावर सीमा येते राणी, ६, ४ वर. तेवढी किंवा वरची पाने असली तर खेळायचे. या खेळाची सारी ‘युक्ती’ एवढीच.

युक्ती पाळूनही, सिक्वेन्स व वरच्या पानांचा बोनस धरून, दर १०० च्या पहिल्या पैजेमागे कॅसिनोला सरासरी ३.३७ रुपये सुटतात. तासाला ४० डाव धरले तर १३५ रुपये. हरल्यावर पैज दुप्पट करून हा आकडा बदलत नाही, रक्कम मात्र लवकर जाते.

खरी गंमत ‘पेअर प्लस’ नावाच्या बाजूच्या पैजेत आहे. वही घ्या. प्युअर सिक्वेन्स ४८, ट्रेल ५२, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४; बाकी १६,४४० वेळा पैसे बुडतात. (आपल्याकडे ट्रेल सर्वांत वर मानतात, पण दुर्मीळ आहे प्युअर सिक्वेन्स!) एका रुपयाला अनुक्रमे ४०, ३०, ६, ४ आणि १ मिळत असतील, तर कॅसिनोचा वाटा २.३ टक्के. पुष्कळ ठिकाणी कलरला ४ ऐवजी ३ देतात. टेबल तेच, पाने तीच, आणि वाटा होतो ७.३ टक्के, तिपटीहून जास्त. टेबलावर छापलेला तो एक आकडा कोण वाचतो?

याच वेबसाहेबांनी पुढे ब्रिटनमधल्या सट्टा-मशीनांविरुद्ध मोहीम चालवली. २०१९ मध्ये तेथील कमाल पैज १०० पौंडांवरून २ पौंडांवर आली. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पालकांनी मुलांचा मोबाइल तपासताना हे सांगावे, पण वरचा हिशेबही सोबत बसून करावा. नुसते रागावून भागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित: कलरला ४ च ठेवून सिक्वेन्सला ६ ऐवजी ५ दिले, तर कॅसिनोचा वाटा किती? उत्तरे रीतीसह गणिताच्या सरांकडे द्यावीत.