अल्पमोली लॅपटॉपची पारख

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धामधूम सुरू झाली, की असंख्य मध्यमवर्गीय घरांत फी, पुस्तके व वसतिगृह यांच्या खर्चाच्या जोडीला लॅपटॉपचाही विषय निघतो; आणि त्यासाठी जी तीस-चाळीस हजारांची रक्कम मोठ्या काटकसरीने बाजूला काढलेली असते, ती ज्या यंत्रावर खर्च व्हायची ते शिक्षण पुरे होईतो इमानेइतबारे चालावे, एवढीच त्या कुटुंबाची माफक अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होणे मुळीच दुष्कर नाही. मात्र जो भाग पुढे बदलता येत नाही त्यावर प्रथम पैसा खर्चावा, आणि जो सवडीने वाढवता येतो त्याची घाई करू नये, हे एक तत्त्व ग्राहकाने मनाशी पक्के धरले पाहिजे.

बदलता न येणाऱ्या भागांत प्रोसेसर अग्रगण्य होय, आणि दिशाभूलही सर्वाधिक त्याच्याच नावावरून होते. 'आय-५' म्हणजे उत्तम आणि 'आय-३' म्हणजे सामान्य, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-३ हा दहाव्या पिढीतील आय-५ पेक्षा कित्येक कामांत सरस ठरतो. याहून बोलका दाखला एएमडीचा आहे. 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७५३०यू' या दोन नावांत फरक केवळ तिसऱ्या आकड्याचा; परंतु या मालिकेत पहिला आकडा मॉडेल-वर्षाचा आणि तिसरा आकडा मूळ रचनेचा निदर्शक असल्यामुळे, पहिल्यात २०१९ साली अवतरलेली झेन-२ रचना व चार कोअर, तर दुसऱ्यात तिच्या पुढची झेन-३ रचना व सहा कोअर असतात. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम मदरबोर्डावर सोल्डर केलेलीच असते. म्हणजे खरेदीच्या दिवशी जेवढी मिळाली तेवढीच अखेरपर्यंत.

रॅम हा स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी ही कोठीची खोली मानली, तर कोठी कितीही प्रशस्त असली तरी ओटा अरुंद असल्यास काम खोळंबणारच. आज ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. तीतूनही काही हिस्सा प्रोसेसरमधील ग्राफिक्स आपल्याकडे घेते. म्हणून ८ जीबीचे यंत्र घ्यायचे तर रिकामा स्लॉट असलेलेच घ्यावे. रॅम सोल्डर केलेली असेल, तर १६ जीबीचा आग्रह धरावा. दुकानात मांडलेल्या विंडोज यंत्रावर टास्क मॅनेजर उघडून मेमरीचे पान पाहिले, की बहुधा किती स्लॉट आहेत व किती भरलेले आहेत, याचा तपशील तेथेच मिळतो. साठवणुकीसाठी एसएसडी अनिवार्य होय. बहुतेक यंत्रांत ती पुढे मोठी बसवता येते, म्हणून आरंभी ५१२ जीबी पुष्कळ झाली. स्वस्त यंत्रांतील ईएमएमसी जातीची साठवण मात्र मंद असते आणि बदलताही येत नाही. सबब ती वर्ज्य मानावी.

पडदा आणि कीबोर्ड यांची पारख जाहिरातीवरून होत नाही. पडदा १९२० बाय १०८० चा व आयपीएस जातीचा असावा. जुन्या टीएन पडद्याकडे किंचित वरून किंवा खालून पाहिले, तरी रंग विटलेले व अक्षरे फिकी दिसू लागतात, आणि ही परीक्षा दुकानात उभ्या-उभ्या करता येते. त्याच वेळी कीबोर्डवर चार ओळी टंकून पाहाव्यात. कारण पुढील कित्येक वर्षे बोटांची गाठ त्याच्याशीच असते.

ज्यांची ऐपत याहून कमी आहे, त्यांनी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या जुन्या लॅपटॉपांचा निःसंकोच विचार करावा. त्यांची बांधणी मजबूत असते, आणि अनेकांत रॅम बदलण्याची सोयही असते. मात्र विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला आणि विंडोज ११ साठी इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी वा त्यापुढील पिढी लागते. तेव्हा त्याहून जुने यंत्र लिनक्सची तयारी असल्याखेरीज घेऊ नये. विंडोजचा बॅटरी-अहवाल काढायला लावून मूळ व सध्याची क्षमता ताडून पाहावी, आणि लेखी हमी व पक्के बिल यांवाचून व्यवहार करू नये.

नवे असो वा जुने, पूर्ण मॉडेल-क्रमांक, रॅमचा प्रकार, पडद्याची जात आणि हमीच्या अटी या चार बाबींची विचारणा समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत करीत राहावी; आणि ज्या विक्रेत्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याने देऊ केलेली सवलत कितीही मोठी असली, तरी तेथून लॅपटॉप घेऊ नये.